‘उन्हाळी’ लागते तेव्हा आत काय होतं?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका निवृत्त आरोग्यसेविकेने केलेले हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी त्यांनी ते स्वतः लिहून दिले आहे.)



सभेच्या दिवशी माइक हातात आला तसा मी पहिलाच प्रश्न विचारला, “गेल्या वर्षभरात लघवीला आग झाली, थेंब थेंब होत राहिली, असं किती जणींना झालं? हात वर करा.” एकही हात वर आला नाही. सगळ्या खाली बघायला लागल्या. मग मी म्हटलं, “बरं, उन्हाळी किती जणींना लागली?” तशी हसू फुटलं आणि निम्म्याहून जास्त हात वर आले. तुम्ही त्या दिवशी नसाल तर हे वाचता वाचता मनातल्या मनात हात वर करा. इथे कुणी बघत नाही.

मी एकोणतीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते. या सगळ्या वर्षांत माझ्याकडे ‘उन्हाळी’ घेऊन आलेल्या बायका मोजल्या तर आपला हा हॉल दोनदा भरेल. त्यातल्या कितीतरी जणींना मी काय सांगितलं? “उष्णता झालीय. सब्जा घे, धने-जिऱ्याचं पाणी पी, तिखट खाऊ नको.” बस्स. लघवी तपासायला पाठवलं ते थोड्यांनाच. हे मी आज उघडपणे सांगते, कारण त्याची किंमत आपल्याच एका ताईने मोजली आहे.

तिचं नाव सांगत नाही. ती म्हणाली, “नाव नको सिस्टर, पण गोष्ट सांगा.” ती आमच्याच गटातली. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. त्या वर्षी तिला पाचवा महिना होता. उचल घेतलेली, त्यामुळे घरी थांबायची सोय नव्हती. पहाटे चारला उठायचं, अंधारात जाऊन यायचं आणि मग फडात. फडात सगळी टोळी, बाप्ये माणसं, मुकादम. आडोसा कुठेच नाही. म्हणून ती पाणीच प्यायची नाही. कॅन भरलेला असायचा, पण घोटभर घ्यायची, घसा ओला करण्यापुरता. लघवीला जायचं ते पुन्हा अंधार पडल्यावर. म्हणजे बारा-तेरा तास.

आग व्हायला लागली तेव्हा तिने मला फोन केला. मी फोनवर काय सांगितलं असेल ते तुम्हाला आता माहीत आहे. सब्जा. आठव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला, कंबरेच्या वर पाठीत कळ आली, उलट्या सुरू झाल्या. ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेलं. जंतू किडनीपर्यंत पोचले होते. सहा दिवस सलाईन लागलं. बाळ दिवस भरायच्या आधीच आलं, दोन किलोसुद्धा भरलं नाही. देवाच्या दयेने आणि डॉक्टरांच्या कष्टाने ते बाळ आज चालतंय. पण उचल वाढली, गटाचं कर्जही घ्यावं लागलं, आणि तो फोन मी काही विसरले नाही.

त्यानंतर मी ठरवलं, ही ‘उन्हाळी’ म्हणजे काय ते नीट समजून घ्यायचं. माझी भाची मायक्रोबायोलॉजी शिकते. तिने मला पुस्तकातली चित्रं दाखवून सांगितलं. जे कळलं ते तुम्हाला सांगते. एक-दोन नावं अवघड आहेत, पण कर्जाचं ‘मुद्दल’ आणि ‘व्याज’ आपण शिकलोच की. तसंच हेही जमेल.

आपली किडनी रक्त गाळते, लघवी तयार होते. ती दोन नळ्यांतून खाली पिशवीत येते. पिशवीला मूत्राशय म्हणतात. पिशवी रबरासारखी ताणते. साधारण दीडशे-दोनशे मिली भरली की जाणीव होते, चारशे-पाचशे मिलीपर्यंत ती सहज धरून ठेवते. आता विचार करा, लघवीत शरीराने टाकून दिलेला सगळा कचरा असतो. पिशवीच्या त्या बाजूला रक्तवाहिन्या आहेत. मग ती घाण पाझरून परत रक्तात का जात नाही? मडकं पाझरतं, लघवीची पिशवी का पाझरत नाही?

तर पिशवीला आतून एक अस्तर आहे. त्यात पेशींचे थर आहेत. सगळ्यात वरच्या पेशी मोठ्या आणि पसरट असतात, खालच्या लहान पेशींवर छत्री धरल्यासारख्या. त्यांना छत्रीपेशीच म्हणतात. त्या छत्रीच्या कापडावर एका खास प्रथिनाचा थर असतो. त्याचं नाव युरोप्लाकिन. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युरोप्लाकिन हे काही एकटं प्रथिन नाही. त्यातली चार मुख्य आहेत, आणि ती जोडीने राहतात. एक-अ ची जोडी दोनशी, आणि एक-ब ची जोडी तीन-अ शी. अशा जोड्या मिळून सहा पाकळ्यांचा एक गोल तयार होतो. गोलाशेजारी गोल, मधमाशीच्या पोळ्यासारखे दाटीने बसतात. ते इतके बारीक असतात की एक मिलिमीटरच्या रेषेत साठ हजारांहून जास्त मावतील. त्यांच्या फरश्या बनतात, आणि छत्रीपेशीचा लघवीकडचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग या फरश्यांनी झाकलेला असतो. म्हणून पाझर नाही.

पण फरशी तर ताणत नाही, मग पिशवी भरते तेव्हा काय होतं? त्याचीही सोय आहे. छत्रीपेशीच्या पोटात अशाच फरश्यांच्या घड्या जपून ठेवलेल्या असतात. पिशवी भरायला लागली की घड्या वर येऊन पृष्ठभागाला जोडल्या जातात, जागा वाढते. लघवी झाली की त्या पुन्हा आत जातात. आपण चालताना निऱ्या उलगडतात आणि उभं राहिलं की पुन्हा जुळतात, तसंच. दिवसातून सहा-सात वेळा हे काम आपल्या नकळत चाललेलं असतं.

हे प्रथिन ओळखलं गेलं ते गाईगुरांच्या मूत्राशयाच्या अस्तरातून. न्यूयॉर्क विद्यापीठात तुंग-तिएन सुन नावाच्या शास्त्रज्ञांच्या गटाने १९९० च्या सुमारास हे काम केलं. गोठ्यातल्या गाईचं आणि आपलं हे प्रथिन जवळजवळ सारखंच निघालं. म्हणजे निसर्गाने एकदा चांगली बसवलेली घडी पुढे फारशी मोडलेली नाही.

आता जनुकाची गोष्ट. जनुक म्हणजे शरीराच्या कृतीच्या वहीतलं एक पान. आईबापाकडून आलेली ही वही प्रत्येक पेशीत असते. पण प्रत्येक पेशी सगळी पानं वाचत नाही. आपल्या गटाचे नियम सगळ्यांना माहीत असतात, पण जमाखर्चाचं पान कोषाध्यक्षच भरते ना? तसं युरोप्लाकिनची पानं मुख्यतः लघवीच्या मार्गाचं अस्तरच उघडतं. या चार प्रथिनांची चार जनुकं आहेत आणि ती ३, ११, १९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांवर आहेत. यातलं एकही बाई-पुरुष ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही. म्हणजे हे अस्तर बाईला आणि बाप्याला सारखंच मिळतं. “बाईची जातच नाजूक” असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

मग त्रास बाईलाच जास्त का? कारण साधं आहे. बाहेरून पिशवीपर्यंतची वाट आपल्यात साधारण चार सेंटीमीटर, म्हणजे दोन बोटांची पेरं. पुरुषात तीच वाट वीत भरते. शिवाय आपल्यात ती संडासच्या जागेच्या जवळ आहे. जंतूला आपल्या घरी यायला फार चालावं लागत नाही, एवढंच. जगातल्या निम्म्या बायकांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. यात लाजण्यासारखं काय आहे?

आता जंतूकडे येऊ. दहातल्या सात-आठ वेळा हा त्रास ई. कोलाय नावाचा जंतू करतो. हा आपल्या आतड्यात राहतो, तिथे बहुतेक वेळा काही त्रास देत नाही. लघवीच्या वाटेने वर गेला की मात्र तंटा सुरू होतो. पिशवीत पोचला तरी लघवीच्या धारेबरोबर तो वाहून जायला हवा. पण याच्या अंगावर बारीक केसांसारखे दोरे असतात, आणि दोऱ्याच्या टोकाला एक आकडा. शेताच्या बांधावरून जाताना आघाड्याचं बी पदराला कसं धरतं, झटकलं तरी सुटत नाही? तसंच.

तो आकडा धरतो कशाला? तर आपल्या त्याच युरोप्लाकिनला. चौघांपैकी एक-अ च्या अंगावर मॅनोज नावाची एक साखर जडलेली असते, तिला. २००१ साली हे सिद्ध झालं. ज्या थराने आपलं रक्षण करायचं, त्यालाच चोराने कडी समजून धरलं. (ही साखर आपण खातो ती नव्हे. गोड खाल्ल्यामुळे ती तिथे बसते असं नाही.)

एकदा धरलं की जंतू छत्रीपेशीच्या आतही शिरतो. मग शरीर काय करतं बघा. ती पेशीच सोडून देतं. घरात विंचू शिरलेली गोधडी आपण सगळीच्या सगळी अंगणात टाकतो, तशी जंतूसकट छत्रीपेशी लघवीतून बाहेर टाकली जाते. खालच्या लहान पेशी वर येतात, नवी छत्री तयार होते. एरवी ही छत्रीपेशी महिनोन्‌महिने टिकते, पण अशा वेळी शरीर तिच्यावर पाणी सोडतं. उन्हाळीत जी आग होते, पोटात कळ येते, कधी लघवी लालसर होते, ती या लढाईची खूण आहे. त्याचा उन्हाशी संबंध एवढाच की उन्हात घाम जातो आणि आपण पाणी कमी पितो.

काही जंतू मात्र पेशीच्या आत लपून राहतात. उंदरांत हे स्पष्ट दिसलं, आणि २००७ साली आजारी बायकांच्या लघवीच्या नमुन्यांतही त्याच्या खुणा सापडल्या. म्हणून आग थांबली की जंतू संपला असं समजायचं नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणी मेडिकलमधून दोन गोळ्या आणतात, बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतात, पुढच्या वेळी त्याच घेतात, नाहीतर जावेला देतात. यात अर्धवट मेलेला जंतू शहाणा होतो. पुढच्या वेळी तेच औषध त्याला लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांचा डोस पूर्ण करायचा, ना कमी ना जास्त.

सभेत एका ताईने विचारलं, “सिस्टर, मला हे सारखं होतं. माझ्या त्या जनुकातच काही खोट असेल का? सासूबाई म्हणतात, माहेरचं दुखणं आणलंस.” ताई, जनुकाची खोट कशी दिसते ते सांगते. शास्त्रज्ञांनी २००० साली असे उंदीर तयार केले ज्यांच्यात तीन-अ चं पानच नव्हतं. त्यांचं अस्तर पाझरायला लागलं आणि लघवी उलटी किडनीकडे जाऊ लागली. माणसांत या जनुकात बदल सापडले ते मोजक्या मुलांत, ज्यांच्या किडन्या जन्मापासूनच नीट वाढलेल्या नव्हत्या. हे फार क्वचित. तुम्हा-आम्हाला उन्हाळी लागते ती धडधाकट अस्तरावरच. फडातल्या ताईचं अस्तर आणि बंगल्यात राहणाऱ्या बाईचं अस्तर एकाच प्रकारच्या फरश्यांचं आहे. फरक आहे तो पिण्याच्या पाण्यात आणि संडासच्या दारात.

हे मी मनचं सांगत नाही. बल्गेरियात १४० बायकांवर एक अभ्यास झाला, २०१८ साली तो छापून आला. या सगळ्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार हा त्रास होणाऱ्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात न पिणाऱ्यांना सरासरी ३.२ वेळा त्रास झाला, पिणाऱ्यांना १.७ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्मा. पाणी जास्त तर धार जास्त, आणि आकडा रोवायच्या आधीच जंतू धुऊन जातो. पाणी प्यायचं आणि तुंबवून ठेवायचं मात्र नाही. साचलेल्या डबक्यात डास होतात, तसं साचलेल्या लघवीत जंतू वाढतात.

दुसराही एक अभ्यास सांगते, कारण त्यात आपले पैसे वाचतात. जंतू मॅनोज साखरेला धरतो हे कळल्यावर लोकांना वाटलं, ती साखर प्यायला दिली तर जंतू तिलाच धरून वाहून जाईल. तशा पावडरी बाजारात महाग विकतात. ब्रिटनमध्ये सुमारे सहाशे बायकांवर सहा महिने हे तपासलं, २०२४ साली निकाल आला. पावडर घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत काही फरक पडला नाही. तेव्हा बचतीचे पैसे त्यात घालू नका. धने-जिऱ्याचं पाणी आवडतं तर जरूर प्या, पोटात पाणीच जातं. पण त्याने जंतू मरत नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या.

आता प्रत्येकीने घरी काय करायचं ते सांगते.

पाणी एवढं प्यायचं की लघवी फिकी, पेंढ्याच्या रंगाची होईल. गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. (किडनीचा किंवा हृदयाचा आजार असून डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.) दर तीन-चार तासांनी लघवीला जायचं, आणि पिशवी पूर्ण रिकामी होऊ द्यायची, घाई करायची नाही. संडासनंतर धुताना हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे कधीच नाही. नवरा-बायकोच्या संबंधानंतर लघवीला जाऊन यावं असं डॉक्टर सांगतात. ही गोष्ट सुनेला आणि लेकीलाही सांगा. तिथे साबण, डेटॉल घालून आत धुवायचं नाही.

आग झाली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लघवी तपासून घ्यायची. पहिली धार सोडून द्यायची, मधली स्वच्छ बाटलीत घ्यायची. गरोदर ताईने तर आग नसली तरी तपासायची, कारण पोटुशी असताना जंतू गुपचूप राहून किडनीकडे जाऊ शकतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तेव्हा लघवीची तपासणी मागून घ्या. पाळी गेलेल्या ताईंना हा त्रास वाढतो, कारण अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं. त्यावर लावायचं औषध असतं, डॉक्टरांना विचारा. साखरेचा आजार असेल तर तो आटोक्यात ठेवा.

आणि थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत कळ, उलट्या, लघवीतून रक्त यातलं काहीही झालं तर रात्र काढायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. फोन करून मला विचारायचं असेल तर विचारा, आता मी सब्जा सांगणार नाही.

घरचं झालं. पण फडात आडोसाच नसेल तर “पाणी प्या” हे सांगणं म्हणजे नुसती थट्टा आहे. त्या ताईने मला तेच ऐकवलं होतं, “सिस्टर, पाणी पिऊ, पण जाऊ कुठे?” म्हणून त्या सभेत आपण तीन ठराव केले. एक, ऊसतोडीला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या प्रत्येक टोळीतल्या आपल्या सभासद मुकादमाकडून उचल घेतानाच सांगतील की ताडपत्रीचा आडोसा आणि पाण्याची टाकी पाहिजे. एकटीने बोलायचं नाही, टोळीतल्या सगळ्या बायकांनी मिळून बोलायचं. ताडपत्री आणि चार बांबू यांचा खर्च फार नाही. मुकादमाने नाहीच दिलं तर ग्रामसंघाच्या निधीतून एक संच द्यायचा आणि हंगाम संपला की परत घ्यायचा. दोन, येत्या महिला ग्रामसभेत शाळा, बाजार आणि एसटी थांब्याजवळ पाणी असलेल्या, आतून कडी लागणाऱ्या संडासची मागणी लिहून द्यायची आणि ती इतिवृत्तात आली की नाही ते बघायचं. तीन, आपल्या स्वतःच्या बैठका. तीन-तीन तास चालतात, मध्ये कुणी उठत नाही, उठली तर लाजते. यापुढे प्रत्येक बैठकीत दीड तासाने दहा मिनिटांची सुट्टी.

तिसरा ठराव लगेच लागू झाला. सुट्टी दिली तेव्हा शाळेच्या एकुलत्या एक संडासपुढे चाळीस बायकांची रांग लागली. ग्रामसभेत दुसरा ठराव मांडायला कुणाला कारण लागत असेल तर ती रांग सांगा.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा लेख एकीने मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत तो तसाच पोचेल. आणि वाचून झाल्यावर तो पहिला प्रश्न विचारा, ‘उन्हाळी’ हा शब्द न वापरता. किती हात वर येतात ते मला कळवा.